निवळ पाणी, निर्मळ पाणी

मृगाचे दोन-तीन चांगले पाऊस झाले की परभणी जिल्ह्यातील विहिरींचा रंग पालटतो. उन्हाळ्याच्या अखेरीस तळाचा खडक दिसावा इतके स्वच्छ असलेले पाणी, शेतातून ओघळ उतरले की एका रात्रीत दुधाच्या चहासारखे होते. वैशाखभर पाठीला वाळका भोपळा नाहीतर पत्र्याचा डबा बांधून पोहायला शिकणारी पोरे काठावरूनच परत फिरतात. घरात हंड्यात तुरटीचा खडा फिरू लागतो. गोदाकाठी गंगाखेडला काय किंवा पूर्णेकाठच्या गावांत काय, हा दरवर्षीचाच अनुभव आहे.

एका शिक्षक-मेळाव्यात आम्हाला या अनुभवावरून दोन प्रश्न विचारले गेले. पहिला असा: नदीतली वाळू ढवळली तर पाणी मिनिटभरात निवळते, मग आमच्या विहिरीचे पाणी आठ-आठ दिवस का निवळत नाही? दुसरा प्रश्न पोहण्याच्या तलावावर मुलांना नेणाऱ्या एका क्रीडाशिक्षकांचा होता. तुरटीने विहिरीचे पाणी निवळते, तर तलावात तुरटी टाकूनही पाणी पांढुरकेच का राहते? पहिल्याचे उत्तर आम्ही तिथेच दिले. दुसऱ्याला तिथे जे उत्तर दिले ते अपुरे होते, म्हणून हा लेख.

पाण्यात पडणारा बारीक कण किती वेगाने खाली जाईल याचा नियम जॉर्ज स्टोक्स यांनी १८५१ मध्ये मांडला. कणाचा व्यास निम्मा झाला की वेग चौथाईवर येतो. या नियमाने हिशेब केला तर एक दशांश मिलिमीटर व्यासाचा बारीक वाळूचा कण हंड्यातील फूटभर पाणी अर्ध्या मिनिटात ओलांडतो. काळ्या जमिनीतील चिकणमातीचे कण मात्र दोन सहस्रांश मिलिमीटर किंवा त्याहून लहान असतात. त्यांतल्या मोठ्यात मोठ्या कणाला तेच अंतर जायला सुमारे एक दिवस लागतो. त्याच्या एक दशांश व्यासाच्या कणाला शंभर दिवस. म्हणजे आषाढात भरलेला हंडा दसऱ्यापर्यंत निवळायचा! वर्गात हे गणित जरूर करून घ्यावे. मुलांना आकड्यांचा धाक बसण्याऐवजी गंमत वाटते.

पण कण लहान आहेत एवढेच कारण पुरेसे नाही. लहान कण एकमेकांना चिकटून मोठे का होत नाहीत? परभणीच्या काळ्या मातीत मॉन्टमोरिलोनाइट नावाचे खनिज भरपूर असते. याचे कण पापडासारखे पातळ असून त्यांच्या पृष्ठभागावर ऋण विद्युतभार असतो. सारखे भार एकमेकांना दूर ढकलतात, त्यामुळे दोन कण जवळ आले तरी चिकटत नाहीत. पाण्यात क्षार असले तर हा भार झाकला जातो आणि ढकलाढकली कमी होते. पावसाच्या पाण्यात क्षार जवळजवळ नसतातच. म्हणून पहिल्या पावसाचा गढूळपणा एवढा चिवट असतो आणि खडकातून झिरपणारे जड पाणी विहिरीत मिसळू लागले की तो आपोआप ओसरू लागतो.

तुरटीचे काम इथेच आहे. हान्स शुल्झ (१८८२) आणि विल्यम हार्डी (१९००) यांनी दाखवून दिले की असे तरंगते कण एकत्र आणण्याची क्षारांची ताकद त्यांतील विरुद्ध भाराच्या आयनावर ठरते आणि आयनाचा भार वाढला की ताकद झपाट्याने वाढते. एक भाराचा सोडियम, दोन भारांचा कॅल्शियम आणि तीन भारांचा ॲल्युमिनियम यांची ताकद ढोबळमानाने १ : ६४ : ७२९ अशी पडते. शिवाय ॲल्युमिनियम पाण्यातील बायकार्बोनेटशी संयोग पावून ॲल्युमिनियम हायड्रॉक्साइडचे चिकट, कापसासारखे पुंजके बनवतो. ते खाली बसताना वाटेतले कण झाडून नेतात. तुरटीचा खडा हंड्यात दोन-चार वेळा फिरवणाऱ्या बाईला शुल्झ-हार्डीचा नियम ठाऊक नसतो; पण फार फिरवला तर पाणी तुरट लागते, हे तिला नक्की ठाऊक असते.

तुरटीच्या बरोबरीने आपल्याकडे आणखी एक जुना उपाय आहे. सुश्रुतसंहितेच्या सूत्रस्थानातील ४५ व्या अध्यायात गढूळ पाणी निवळण्याची सात साधने दिली आहेत: कतकाचे बी, गोमेदक, कमळाचा कंद, शेवाळाची मुळे, कापड, मोती आणि मणी. यांपैकी रत्नांबद्दल आम्ही गप्प बसणे पसंत करतो. पण कतक आणि कापड यांच्याबद्दल बोलण्यासारखे पुष्कळ आहे.

कतक म्हणजे निवळीचे झाड. पाणी निवळते म्हणून निवळी किंवा निर्मळी. इतके सरळ नाव वनस्पतिशास्त्रात क्वचितच सापडते. काजऱ्याच्या कुळातले हे झाड. त्याचे बी सहाणेवर उगाळून किंवा घड्याच्या आतल्या बाजूस घासून मग पाणी भरायचे. सहाव्या शतकात वराहमिहिराने बृहत्संहितेत विहिरीचे पाणी सुधारण्यासाठी जे चूर्ण सांगितले, त्यात नागरमोथा, वाळा, आवळा यांच्याबरोबर कतक आहेच. हे ज्ञान वैद्यांपुरते नव्हते. कतकाचे फळ पाणी निवळते खरे, पण त्याचे नुसते नाव घेतल्याने पाणी निवळत नाही, अशा अर्थाचा दाखला मनुस्मृतीच्या सहाव्या अध्यायात येतो. त्या ग्रंथाविषयी आमचे मत काहीही असो, दृष्टांत प्रयोगशाळेत लावण्याजोगा आहे. दृष्टांत म्हणून वापरली जाते ती गोष्ट ऐकणाऱ्यांच्या रोजच्या पाहण्यातली असावी लागते, हेही त्यावरून कळते.

निवळीच्या बियांत लांबलचक रेणू असतात. त्यांच्यावर ऋणभारच असतो, म्हणजे तुरटीसारखे भार मारण्याचे काम ते करत नाहीत. एकच रेणू अनेक कणांना धरतो आणि दोऱ्यात फुले ओवावीत तसे ते कण एकत्र येतात. शेवग्याच्या बियांचे तसे नाही. त्यांतील प्रथिनांवर धनभार असतो, त्यामुळे ती तुरटीच्या जातीची. शेवगा मूळचा भारतातला, पण त्याच्या बियांच्या या गुणाचा बोलबाला झाला तो सुदानमुळे. नाईलचे गढूळ पाणी तिथल्या ग्रामीण स्त्रिया या बियांनी निवळतात, हे सामिया अल अझहरिया जान या संशोधिकेने १९७० नंतरच्या काळात बारकाईने नोंदवले आणि तपासून पाहिले. आपल्या परसातल्या शेंगांतील वाळलेली बी सोलून, कुटून, गढूळ पाण्यात लिटरला साधारण एक या प्रमाणात घालून दहा-पंधरा मिनिटे हळू ढवळली की तासा-दोन तासांत फरक दिसतो. शाळेत करण्यासारखा याहून स्वस्त प्रयोग नाही. एक पेला तसाच, एक तुरटीचा, एक शेवग्याचा. फक्त ते पाणी कोणी पिऊ नये. जंतू बरेचसे गाळात बसतात, पण सगळे नाही. आणि बियांतला उरलेला अंश त्यांना खाद्य म्हणून मिळतो.

इथे आपण मूळ अडचणीपाशी येतो. निवळ आणि निर्मळ हे शब्द आपण सहज एकमेकांऐवजी वापरतो. दोन हजार वर्षे माणसाने पाण्याची परीक्षा डोळ्यांनी केली, कारण दुसरे साधन नव्हते. ही परीक्षा किती फसवी आहे, ते आपल्या बारवांनी दाखवून दिले.

सेलू तालुक्यातील वालूरला चक्राकार पायऱ्यांची बारव आहे. गेल्या काही वर्षांत गावकऱ्यांनी गाळ उपसून ती मोकळी केली आणि आता दूरदूरचे लोक ती पाहायला येतात. जिंतूर तालुक्यातील चारठाण्यासारख्या जुन्या गावांतही दगडी बारवा आहेत. दुष्काळी मुलखात पाण्याची पातळी कितीही खाली गेली तरी माणसाला तिथवर पोहोचता यावे, ही बारवेची कल्पना फार हुशारीची आहे. शिल्प म्हणून तर ती सुंदर आहेच. पण पायऱ्या उतरून गेलेला माणूस पाण्यात पाय बुडवतो, आणि नारूच्या जंताला नेमके तेच हवे असते.

नारूचा जंत माणसाच्या कातडीखाली वाढतो आणि वर्षभराने, बहुधा पायाच्या फोडातून, बाहेर डोकावतो. मादी जवळजवळ हातभर ते मीटरभर लांब असते. फोडाची आग शमवायला रोग्याने पाय पाण्यात घातला की ती हजारो पिले सोडते. सायक्लॉप्स नावाचे मिलिमीटर-दीड मिलिमीटरचे कवचधारी जीव ती पिले गिळतात. तेच पाणी कोणी प्यायले की जंताचे चक्र पुन्हा सुरू होते. सायक्लॉप्स गढूळ पाण्याइतकाच, किंबहुना अधिक सुखाने, स्थिर आणि स्वच्छ पाण्यात राहतो. म्हणजे ज्या बारवेचे पाणी काचेसारखे दिसायचे, तिच्यावरच लोकांचा भरवसा आणि तिथेच नारू.

भारतात नारू निर्मूलनाची मोहीम १९८३-८४ मध्ये सुरू झाली. १९८४ मध्ये देशात सुमारे ४०,००० रुग्ण नोंदले गेले. रोग असलेल्या सात राज्यांत महाराष्ट्र होता. नारूवर लस नव्हती, औषध नव्हते. हातपंप बसवले, पायऱ्यांच्या विहिरींत उतरणे बंद केले, सायक्लॉप्स मारण्यासाठी टेमेफॉस वापरले, आणि घरोघर एक गोष्ट सांगितली: पाणी दुहेरी कापडातून किंवा बारीक जाळीतून गाळून प्या. शेवटचा रुग्ण जुलै १९९६ मध्ये राजस्थानात जोधपूर जिल्ह्यात सापडला आणि फेब्रुवारी २००० मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने भारत नारूमुक्त असल्याचे जाहीर केले. सुश्रुताच्या यादीत कापड होते ते पाणी निवळण्यासाठी. नारूच्या मोहिमेत त्याच कापडाने दिसायला आधीच निवळ असलेले पाणी गाळले गेले.

कापडाची गोष्ट इथे संपत नाही. बांगलादेशात रिटा कॉलवेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी जुन्या सुती साडीच्या चार किंवा अधिक घड्या घालून पाणी गाळण्याचा प्रयोग ६५ खेड्यांत केला. २००३ मध्ये त्याचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले: पटकीचे रुग्ण ४८ टक्क्यांनी घटले. पटकीचा जंतू एकटा साडीच्या छिद्रातून सहज जाईल, पण तो सूक्ष्म पाणजीवांना चिकटून राहतो आणि ते अडकतात. साडी जुनीच हवी. धुऊन धुऊन सुताचे तंतू मोकळे होतात आणि छिद्रे बारीक होतात. आपल्या आज्या कळशीच्या तोंडाला जुनेरच बांधत असत, ते काटकसरीमुळे. पण निवड बरोबर होती.

शहराला पाणी पुरवायचे तर जुनेर आणि खडा पुरत नाही. तुरटी घालून मग वाळूतून वेगाने पाणी गाळण्याची पद्धत अमेरिकेत न्यू जर्सी राज्यातील सॉमरव्हिल येथे १८८५ च्या सुमारास रुजली. १९०८ मध्ये त्याच राज्यातील जर्सी सिटीच्या पाण्यात जॉन लील यांनी नियमितपणे क्लोरीन मिसळायला सुरुवात केली. आधी निवळणे, मग गाळणे, मग जंतू मारणे हा क्रम तेव्हापासून ठरला, आणि तो उलटा करून चालत नाही. गढूळ पाण्यातील सेंद्रिय अंश क्लोरीन खाऊन टाकतो आणि मातीच्या पुंजक्यात दडलेल्या जंतूपर्यंत तो पोहोचत नाही. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकात २०१२ मध्ये गढूळपणाची स्वीकारार्ह मर्यादा १ एकक (एनटीयू) आणि दुसरा स्रोतच नसल्यास ५ एकक ठरवली गेली, ती केवळ दिसण्यासाठी नव्हे.

अडचण अशी की हे शुद्धीकरण केंद्र मोठ्या शहराला परवडते. तालुक्याच्या गावाला ढवळणारी यंत्रे, मोठमोठ्या टाक्या आणि त्या चालवणारी माणसे कोठून आणावीत? महाराष्ट्रातील अभियंते जे. एन. कर्डिले यांनी यावर जे काम केले ते आपल्या पाठ्यपुस्तकांत यायला हवे होते. रामटेक (१९७३), वरणगाव (१९७७) आणि चांदोरी (१९८०) येथे त्यांच्या पद्धतीची केंद्रे उभी राहिली. तुरटी मिसळलेले पाणी त्यांनी गोट्यांच्या थरातून नेले. गोट्यांमधल्या वाकड्यातिकड्या वाटांतच पाणी घुसळले जाते, म्हणून यंत्र नको. निवळण टाकीत तिरप्या नळ्या बसवल्या. कणाला टाकीच्या तळापर्यंत जाण्याऐवजी नळीच्या भिंतीपर्यंतच पडायचे असते, म्हणून टाकी लहान चालते. स्टोक्सचा वेग बदलता येत नसेल तर अंतर कमी करा, हा विचार किती साधा आहे!

सर्वांत देखणी युक्ती गाळणीची. वाळूची गाळणी धुण्यासाठी खालून पाणी सोडले की जड, जाडे कण खाली आणि बारीक कण वर अशी रचना होते. मग पुढच्या खेपेला सारा गाळ वरच्या बारीक थरावरच अडकतो आणि गाळणी लवकर तुंबते. वर जाडे पण हलके कण हवेत. परदेशात त्यासाठी अँथ्रासाइट कोळसा वापरत. कर्डिले यांनी नारळाच्या करवंट्या फोडून त्यांचे तुकडे वाळूवर पसरले. करवंटी हलकी असल्याने धुतल्यावरही ती वरच राहते, तिच्या मोठ्या फटींत जाडा गाळ थांबतो आणि वाळूला फक्त बारीक काम उरते.

आता क्रीडाशिक्षकांच्या तलावाकडे वळू. नळाचे पाणी एकदा शुद्ध होऊन निघून जाते. तलावाचे पाणी तेच राहते, आणि त्यात रोज शेकडो माणसे घाम, तेल, माती सोडतात. त्यामुळे ते सतत फिरवून गाळावे लागते. गाळणी नीट असेल तर थोडी तुरटी तिला मदत करते. पण तुरटीचा उपयोग गढूळपणा कोणत्या जातीचा आहे यावर ठरतो. तपकिरी म्हणजे माती. तिच्यावर तुरटी चालते. हिरवा म्हणजे शेवाळ. तिथे क्लोरीन संपला आहे असे समजावे. २०१६ च्या रिओ ऑलिम्पिकमध्ये सूर मारण्याच्या स्पर्धांचा तलाव एका रात्रीत हिरवागार झाला. कंत्राटदाराने ८० लिटर हायड्रोजन पेरॉक्साइड त्यात ओतले होते आणि त्याने क्लोरीन निकामी केला. शेजारच्या तलावातले सदतीस लाखांहून अधिक लिटर पाणी काढून नवे भरावे लागले. जगभरचे तज्ज्ञ हाताशी असताना ही गत.

तिसरी जात पांढरी. आमच्या समजुतीप्रमाणे मराठवाड्यातील तलावांना तीच अधिक छळत असावी. इथले तलाव बहुधा बोअरच्या पाण्याने भरतात, आणि काळ्या पाषाणातून आलेले हे पाणी जड असते. त्यात कॅल्शियम आणि बायकार्बोनेट दोन्ही भरपूर. ग्रामपंचायतीत ज्याला टीसीएल म्हणतात ती ब्लीचिंग पावडर त्यात टाकली की आणखी कॅल्शियम येतो आणि पाण्याचा सामू वर चढतो. मग बाहेर पडतो तो बारीक चुना, कॅल्शियम कार्बोनेट. पाणी दुधाळ दिसते. दुधाळ दिसले म्हणून राखणदार आणखी टीसीएल टाकतो, पाणी आणखी दुधाळ होते. वर सामू ८ झाला की क्लोरीनचा जेमतेम चौथा हिस्सा जंतू मारण्याच्या रूपात उरतो, ७.५ ला तो निम्मा असतो. म्हणजे पावडर दुप्पट आणि परिणाम निम्मा. आधी सामू मोजून तो ७.२ ते ७.८ च्या दरम्यान आणणे आणि मग गाळणी चालवणे, हा त्याचा मार्ग. मात्र आम्ल आणि ब्लीचिंग पावडर कधीही एकत्र येऊ देऊ नये. विषारी क्लोरीन वायू सुटतो. हे काम जाणकारानेच करावे. वर्गात ओळख पटवायला एक पेला पुरे. तलावाच्या पेलाभर पाण्यात लिंबू पिळून ढवळावे. पांढुरकेपणा विरला तर चुना; तसाच राहिला तर दुसरे काही.

तलावातल्या गढूळपणाचा आणखी एक धोका आहे, तो रसायनशास्त्राचा नाही. बुडणारे मूल बहुतेक वेळा ओरडत नाही. काठावरच्या माणसाला ते दिसावे लागते. अमेरिकेत मॅसॅच्युसेट्स राज्यातील फॉल रिव्हर येथे जून २०११ मध्ये एका सार्वजनिक तलावात एक स्त्री बुडाली. पाणी इतके गढूळ होते की तलाव लोकांसाठी उघडा असूनही तिचा मृतदेह दोन दिवस कोणाला दिसला नाही. खोल बाजूचा तळ काठावरून स्पष्ट दिसत नसेल तर त्या दिवशी मुलांना पाण्यात उतरू देऊ नये. क्लोरीनचा आकडा कितीही बरोबर असो. विहिरीवरून माघारी फिरणाऱ्या परभणीच्या पोरांचे म्हणूनच कौतुक वाटते.

तळ दिसतो की नाही हे मोजण्याची रीत १८६५ ची आहे. आंजेलो सेक्की या इटालियन खगोलशास्त्रज्ञाने भूमध्य समुद्रात बोटीवरून पांढरी तबकडी दोरीने सोडली आणि ती कोणत्या खोलीवर दिसेनाशी होते ते टिपले. आपल्याला त्यासाठी बोट नको. जेवणाच्या ताटलीला पांढरा रंग द्यावा, मध्ये भोक पाडून खाली दगड बांधावा, दोरीला दर दहा सेंटिमीटरवर गाठ मारावी. कठडा असलेली विहीर निवडावी आणि दोरी शिक्षकांनीच धरावी. ताटली दिसेनाशी होते ती खोली आणि वर ओढताना पुन्हा दिसते ती खोली, दोन्ही लिहाव्यात. मृगाआधी एकदा आणि पहिल्या पावसानंतर रोज, सूर्य डोक्यावर असताना. ताटली नेमकी कधी नाहीशी झाली यावरून मुलांत भांडण लागतेच. अशा वेळी दोघांचेही आकडे वहीत लिहून सरासरी काढावी.